पिवळ्याला मत

१० मे २००७
लाल! माझ्याच हाताला लाल चिठ्ठी लागावी!

पुढच्या वर्षी भूतानात पहिली खरी निवडणूक, म्हणून आधी ही खोटी, सरावाची. पक्षांना नावं नाहीत, नुसते रंग. उमेदवार आम्ही बारावीची मुलं. आमच्या भागात लाल विरुद्ध पिवळा, आणि पिवळा गेला वर्गातल्या गेम्बोला. पिवळा म्हणजे महाराजांच्या खांद्यावरच्या पट्ट्याचा रंग. झालं! मग मी कोणाच्या विरुद्ध उभी?

"राजद्रोही ल्हादोन," गेम्बो म्हणाला. मेल्याला हसू आवरत नव्हतं.

घरी कसं सांगू? माझ्या वडिलांनी, अपांनी, बावीस वर्षं राजवाड्यावर पहारा दिलाय. आमच्या घरात देवाच्या शेजारी महाराजांची तसबीर आहे.

१२ मे
सांगितलं. अपा जेवणावरून उठले. मिरच्यांची भाजी तशीच राहिली.

"ज्यांचं मीठ खाऊन तुला शिकवली, त्यांच्याच समोर उभी राहतेस?"

"अहो अपा, निवडणूक घ्या असं महाराजांनीच सांगितलंय!"

"ते म्हणणारच. त्यांचं मन मोठं. आपण लगेच हो म्हणायचं असतं का? कोणी चहा विचारला तर तोंडावर हात धरून दोनदा नको म्हणतो आपण. इथे तर ते राज्य देतायत! आणि तू पेला पुढे करून मोकळी!"

मी चिडले, आणि रडूही आलं. मला महाराज आवडत नाहीत असं कोण म्हणालं?

१५ मे
अपा बोलत नाहीत. "तिला सांग, गाईला वैरण घालायचीय," असं आईला सांगतात. मी समोरच उभी! आई म्हणते, "तुम्ही दोघं एकाच मातीचे. मला मधे भरडू नका."

१९ मे
गावात सभा झाली. मी बोलले — कारखाना येईल, काम मिळेल, पोरांना थिंफूला जावं लागणार नाही. बरं बोलले असं मला वाटत होतं, तेवढ्यात शेजारची म्हातारी रिंचेनमो रडायलाच लागली. "पोरी, तुम्ही निवडून आलात की महाराजांनी कुठे जायचं गं?"

"कुठेही नाही, आजी. ते आहेत तिथेच राहणार."

"मग तुम्ही कशाला हवेत?"

सगळे हसले. माझे कान तापले.

मग गेम्बो. त्याला बोलायचं होतं परंपरेवर. पण चार टाळ्या पडल्या आणि स्वारी हवेत! "पिवळा आला तर मक्याभोवती विजेचं कुंपण! एक रानडुक्कर आत शिरणार नाही!" त्याच्या कागदावर कुंपण नव्हतंच, लबाड! अपांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. माझ्या वेळी हात मांडीवर होते.

२८ मे
मतदान. अख्खं गाव सणाचे कपडे घालून रांगेत, उन्हात. अपांनी अंगरखा दोनदा सोडून पुन्हा बांधला, चुणी वाकडी दिसते म्हणून. आत गेले, बटण दाबलं, आणि यंत्राला वाकून नमस्कार केला! अधिकारी म्हणाले, "याची गरज नाही हो." अपा म्हणाले, "तुम्हाला नसेल."

२९ मे
मी आपटले. जवळजवळ सगळा देशच पिवळा. ते ठाऊकच होतं. पण अपांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते फार लागलं.

११ जून
मक्यात डुकरं शिरली. खालचं वावर भुईसपाट. अपा बांधावर उभे राहून बघत होते. मग आईला म्हणाले, "तिला विचार, कुंपण कधी येतंय?"

अरे देवा! खरंच वाट बघतायत!

"गेम्बोला विचारा म्हणावं," मी म्हटलं.

१४ जून
अपांनी विचारलं की! शाळेत आले, पोशाख करून, खांद्यावर आपला साधा पांढरा पट्टा घेऊन. गेम्बोला वर्गाबाहेर बोलावलं. आम्ही सगळे खिडकीत.

"कुंपण?"

गेम्बो आधी हसला. "अहो अपा, ती निवडणूक खोटी होती!"

"निवडणूक खोटी होती, ते मला ठाऊक आहे. मी काय मूर्ख आहे? शब्दही खोटा होता का?"

"तसं नाही... भाषणात आपलं बोलतात..."

"मी उन्हात उभा राहिलो. तुझ्यासाठी. महाराजांचा रंग लावून तू भाषणात आपलं बोललास?"

गेम्बोची मान खाली. सर धावत आले, तर अपा त्यांनाही म्हणाले, "थांबा, माझं संपलं नाही." सरांना! आमचे अपा! गावचा मुखिया समोर आला तरी नजर न उचलणारे! मला लाज वाटत होती, आणि छाती फुगली होती.

घरी येताना ते पुढे, मी मागे. चढावर थांबले आणि महिन्याभराने माझ्याशी बोलले. "महाराजांनी असं केलं नसतं."

"म्हणून तर सांगतेय, अपा. पिवळा म्हणजे महाराज नव्हेत. पिवळा म्हणजे गेम्बो."

अपांनी माझं दप्तर घेतलं.

१५ जून
सकाळीच अपा माझ्यासमोर येऊन बसले. "महाराज आहेत तिथेच राहणार, ते कळलं. आता हे पिवळे — यांना घालवायचं कसं, ते नीट सांग."