स्केलनं जोडलेले ठिपके

काजल,

कंपनीची बस आज लवकर आहे, म्हणून तुले उठवलं नाही. काल "मले हे गणित जमत नाही, मी पेपरले जातच नाही" म्हणत तू वही फेकलीस, ती मी उचलून पाहिली. तुझे ठिपके सारे बरोबर आहेत वं. सरळ रेषेच्या समीकरणाची सवय, म्हणून वर्गसमीकरणाचेही ठिपके तू स्केलनं जोडलेस, अन् आलेखाचं टिनाचं छप्पर झालं. तिथं स्केल बाजूला ठेव, हातानं गोल वळव. आपल्या लग्नापायी सुटलेली परीक्षा आता एवढ्यासाठी परत सोडशील काय?

दुसरं म्हणजे, उठल्याबरोबर आईचा गुडघा दुखेल. मराठीच्या पेपरले दुखला, इंग्रजीच्या पेपरले दुखला. मधल्या सुट्टीच्या दिवसांत मात्र ती रोज पायी देवळात जाऊन आली. मी सारं पाहून राहिलो होतो. ड्युटीवरून आल्यावर बोलायचं त्राण राहत नाही, म्हणून गप होतो. बाम तिच्या उशाशी ठेवला आहे, वरण-भात कुकरमध्ये आहे. तू आज पेपरले वेळेवर निघ.

ही चिठ्ठी लपवू नको, ओट्यावरच राहू दे. आईनं वाचली तरी चालते.

सुशील