शुक्रवारी काढलेलं दार

४ मार्च

चि. पोपटास अनेक उत्तम आशीर्वाद.

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या सचिवाने उचलला आणि प्रार्थनेसाठी विषय काय, असं विचारलं. तिसऱ्यांदा मी सांगितलं, की विषय तुमचे साहेबच आहेत. त्याने फोन ठेवला. म्हणून हे पत्र. जग तुला काहीही म्हणो, चौथ्या वर्षी बायबलमधली सगळी वचनं घडाघडा म्हणायचास म्हणून आईने ठेवलेलं नाव मला सोडवत नाही.

काल माझ्या वॉर्डात, खिडकीजवळच्या पेशंटच्या उशाशी मोबाइलवर तुझं भाषण चालू होतं. आवाज ओळखीचा वाटला म्हणून थांबले. तू सांगत होतास, "मी दहा वर्षांचा होतो. शुक्रवार होता. मशिदीतून उठून आलेल्या माणसांनी आमच्या घराचं दार काढलं आणि दिवस मावळायच्या आत माझी आई मेली." एवढं बोलून तू थांबलास. रडणं ऐकू यायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढाच. मग त्या सगळ्या लोकांबद्दल, त्यांच्या धर्माबद्दल जे बोललास ते मी कागदावर उतरवणार नाही.

त्याच वेळी आमची एक नर्स त्या बाईला सुई लावायला आली. चोवीस वर्षांची पोर, डोक्याला रुमाल बांधते, हात इतका हलका की लहान मुलंसुद्धा तिलाच मागतात. बाईने हात मागे ओढला आणि हिची सुई नको म्हणाली. पोरगी ट्रे माझ्या हातात देऊन निघून गेली. सुई मी लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पेशंटला मुद्दाम सावकाश लावली. लाज वाटते, पण खरं ते सांगितलं.

पोपट, दार कसं निघालं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. हे सांगणं बंद कर. पोटाची तक्रार बरी असेल. तुझ्या घरच्यांना प्रेम सांग.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. रागावलीस की अक्षर उजवीकडे झुकतं, ते अजून तसंच आहे. मी काही मनाला लावून घेतलं नाही.

पण एक विचारतो. मी खोटं काय बोललो? दार निघालं की नाही? शुक्रवार होता की नाही? आई गेली की नाही? माझ्या साक्षीत एकही शब्द बनावट नाही. सभेला आलेल्या माणसाला आपली जखम दाखवावी लागते, तेव्हा तो ऐकतो. इंजेक्शन देताना तूही पेशंटला सगळं सांगत नसशील.

त्या नर्सचं वाईट वाटलं. मी माणसांविरुद्ध बोलत नाही, शिकवणुकीविरुद्ध बोलतो. हा फरक लोकांना कळत नसेल तर त्याला माझा इलाज नाही.

बाबांबद्दल चार लोकांत काही बोलू नकोस, एवढी विनंती. आमच्या नव्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं आहे. रविवारी सहा एप्रिलला तुझ्याच शहरात मोठी सभा आहे. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवतो. गुडघ्यांची काळजी घे आणि धाकट्यावरची माया कमी करू नकोस.

तुझाच,
पोपट

९ एप्रिल

पोपट,

आशीर्वाद लिहायला घेतला, हात पुढे सरकेना.

तुझ्या सभेला मी आले नाही. तुझी सभा दुपारी दोनला सुटली. तीन वाजता वीस-पंचवीस पोरं आपल्या जुन्या गल्लीत शिरली. एकाच्या खांद्यावर स्पीकर होता आणि त्यावर तुझा आवाज. आपल्या भिंतीला भिंत लागून असलेला सुतारचाचांचा कारखाना त्यांनी पेटवला. तू शहराचं नाव सांगतोस, गल्लीचं सांगतोस, शेजारी सुतार होता हेही सांगतोस. पत्ता शोधायला त्यांना फार डोकं चालवावं लागलं नसेल.

चाचा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. हत्यारांची पेटी काढायला आत गेले. दोन्ही तळहात भाजलेत. मी माझी ड्युटी संपवून रोज खाली त्यांच्या वॉर्डात जाते आणि पट्टी बदलते. कातडी कापसाला चिकटून येते. ते छताकडे बघत बसतात आणि मला विचारतात, की तू जेवलीस का.

तू लिहितोस, एकही शब्द बनावट नाही. मग राहिलेले शब्द मी लिहिते. नीट वाच.

आईला न्यूमोनिया झाला होता. बुधवारपासून तिला श्वास पुरत नव्हता. बाबांनी डॉक्टर नको म्हटलं. औषध आणलं की विश्वास डळमळला, आणि विश्वास डळमळला की ती जाईल, असं त्यांचं म्हणणं. आतून कडी लावली आणि खाटेपाशी गुडघे टेकून बसले, ते तीन दिवस. तुला दाराशी बसवलं. शुक्रवारी दुपारी आईचे ओठ निळे पडले. तेव्हा मला निळ्या ओठांचा अर्थ माहीत नव्हता, पण रंग माहीत होता. मी मोरीच्या खिडकीतून उतरले आणि मशिदीच्या फाटकाशी पळत गेले. चाचा हातपाय धुऊन आत निघाले होते. मला बघितलं आणि तसेच परतले. दोन माणसं बरोबर घेतली.

आधी त्यांनी दार वाजवलं. हाक मारली. बाबांना "भाऊ" म्हणून विनवलं. बाबांनी आतून निघून जायला सांगितलं. तेव्हा चाचांनी कारखान्यातून पेचकस आणला आणि बाहेरच्या अंगाच्या बिजागऱ्या खोलल्या. तोडलं काहीच नाही. आईला एका फळीवर घेतलं आणि टेम्पोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. शनिवारी चाचांनी येऊन दार पुन्हा बसवलं. बाबांनी त्यांच्याकडे पाठ केली होती. आईची शवपेटीही चाचांनीच केली. तिच्या कडा त्यांनी कशा घासून गुळगुळीत केल्या ते मी शेजारी उभी राहून पाहिलंय.

इतकी वर्षं मी गप्प राहिले, कारण बाबा आधीच खचले होते आणि तू लहान होतास. आता बाबा नाहीत आणि तू लहान नाहीस. त्या माणसांना कुणी पाठवलं, असं तू भर सभेत विचारतोस म्हणे. मी पाठवलं. चाचांना मी बोलावलं. हे लोकांना सांग.

ताई

२७ एप्रिल

ती. ताईस,

हे पत्र हाताने लिहितोय. ऑफिसात कुणी पाहिलेलं नाही.

तू बोलावलंस हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं असं तुला वाटत असेल. तू खिडकीतून उतरलीस तेव्हा मी पाहिलं होतं. तुझा फ्रॉक खिळ्याला अडकला होता. मी ओरडलो असतो तर बाबांनी तुला आत ओढलं असतं. मी ओरडलो नाही.

बाबांनी मला सांगितलं होतं, की कडी धरून ठेव, बाहेरचा माणूस आत आला तर आई मरेल. मी दोन्ही हातांनी धरली होती. दार उलट्याच बाजूने निघालं. बाहेरचा माणूस आत आला. आणि आई मेली. दहा वर्षांच्या पोराने काय समजायचं? बाबांनी सांगितलं तसंच झालं होतं.

त्यानंतर घरात आपण तिघंच. बाबांवर रागावणं म्हणजे देवावर रागावणं होतं. तुझ्यावर रागावलो असतो तर मला भरवलं कुणी असतं, निजवलं कुणी असतं? भिंतीपलीकडे चाचा होते. त्यांच्यावर रागावणं सोपं होतं. मग मोठेपणी कळलं, की ती गोष्ट सांगितली की लोक रडतात. पुढे तेच माझं काम झालं.

चाचांना काय झालं ते वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण ताई, हे आता उभं राहून सांगता येणार नाही. एवढी माणसं माझ्या साक्षीवर उभी आहेत. ती कुठे जातील? चाचांच्या उपचाराची सोय मी नाव न देता करतो. हे पत्र वाचून फाडून टाक. मला टाकू नकोस.

पोपट

५ मे

चि. पोपटास आशीर्वाद.

या वेळी लिहिला, कारण तुझं पत्र वाचून मी रडले. राग गेलेला नाही, त्याची खात्री बाळग. राग माझ्यावर होता तर माझ्यावर काढायचा होतास. मी घरातच होते. तू मला वाचवलंस आणि चाचांना बळी दिलंस, आणि ही गोष्ट तुला समजत होती, हेच मला सहन होत नाही. अडाणीपणाने बोलला असतास तर मी तुझी कीव केली असती.

मंगळवारी मी पोलिसांत जबाब दिला. आई कशाने गेली, दार कुणी काढलं, का काढलं, कुणी बोलावलं, सगळं. तू सभेत काय सांगतोस आणि त्या पोरांच्या स्पीकरवर काय वाजत होतं, तेही. हवालदाराने विचारलं, की आरोपींना चिथावणाऱ्याशी तुमचं नातं काय. मी म्हटलं, "सख्खा भाऊ. मीच वाढवलाय." त्याने लेखणी थांबवून माझ्याकडे बघितलं आणि मग लिहून घेतलं. परवा वर्तमानपत्रात येईल. तुझी माणसं माझ्या दाराशी येतील असं शेजारीण म्हणते. येऊ देत. मी इथेच राहते.

तुझं पत्र मी फाडलं नाही आणि कुणाला दाखवलंही नाही. ते तुझं आहे. वाचून दाखवायचं तर तूच दाखवशील. एवढी माणसं कुठे जातील म्हणतोस. तू खरं बोलल्यावर जी उठून जातील ती तुझी नव्हतीच. उपचाराची सोय नको, ती झाली आहे. डोक्याला रुमाल बांधणारी आमची पोरगी आता चाचांची सकाळची पट्टी करते आणि मी संध्याकाळची.

काल पट्टी सोडताना चाचांना मी सगळं सांगितलं, की सभेतला तो माणूस म्हणजे आपला पोपट. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणाले, "दार काढलं तेव्हा पोराने कडी सोडली नव्हती, त्याचं बोट फटीत चिरडलं होतं, गडबडीत तेव्हा माझं लक्ष गेलं नाही, शनिवारी दिसलं तर तुझ्या बाबांनी मला जवळ येऊ दिलं नाही." ते बोट नीट झालं का, असं ते मला विचारत होते.

संध्याकाळी पाच ते सात भेटायची वेळ असते. तू स्वतः येऊन सांग.

तुझी,
ताई