हिरव्या वड्यांना गुलाबाचा वास

अंधेरी, बुधवार, ता. ७ मार्च १९५६

तीर्थस्वरूप दशरथमामांस मधुकरचा साष्टांग नमस्कार. ठाण्याच्या घरचा जिना आपला गुडघा चढू देतो ना? मामींचा दमा कसा आहे? इकडे तब्येत ठणठणीत, पण जीव थाऱ्यावर नाही. हे पत्रसुद्धा उभ्यानं लिहितोय (बसलो की पाय हलतात आणि शाई सांडते).

मामा, वाट लागली! आपल्याच शब्दाखातर मला चाळीमागच्या साबणाच्या कारखान्यात रंग घालायचं काम मिळालं. गुलाबाच्या अत्तराला गुलाबी रंग, खसाला हिरवा. यात चुकायचं काय? पण परवा चुकलो. चारशे वड्या गुलाबाच्या, त्या हिरव्यागार. चारशे खसाच्या, त्या गुलाबी. (डब्यावरची चिठ्ठी निघाली होती. दोष चिठ्ठीचा.) येत्या सोमवारी मालक सुरतेहून येऊन माल हुंगणार, की मी रस्त्यावर.

घाबरून दोन वड्या चाळीत फिरवल्या. आणि काय सांगू! रुक्मिणीकाकूंनी गुलाबी वडी नाकाला लावली न लावली तोच म्हणाल्या, अगं बाई, माझ्या लग्नातला गुलाब! (होता खस.) नंदकुमार मास्तरांना हिरव्या वडीनं असा थंडावा वाटला की शिंक आली. अख्खी चाळ डोळ्यांनी वास घेते, मामा! सुटलो म्हणून मी नाचायचाच बाकी होतो. मग समोरच्या नीलाकडे गेलो. कालपासून तिचे डोळे आलेत, वर ओलं फडकं. हिरवी वडी हुंगून म्हणाली, "गुलाब. छान आहे." फडकं उचललं, वडी पाहिली, नि पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिचे वडील मार्तंडराव आमच्याच कारखान्यात हेडक्लार्क! कुणाला सांगू नकोस गं, म्हटलं, तर पुन्हा नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ लावता लावता घास उतरत नाही. मार्तंडराव जिन्यात खोकले तरी वाटतं, कळलं यांना!

आपला आज्ञाधारक भाचा,
मधुकर

ता. क. : रविवारी आपण यावंच. मार्तंडरावांपुढे माझ्यासाठी नीलाचा विषय काढावा. होणाऱ्या जावयाची चूक कुणी मालकाच्या कानावर घालत नाही. कोट घालून यावं.

ता. क. दुसरा : नाही मामा, नोकरीचं सोडा. ती गेली तरी या. चिठ्ठीबिठ्ठी काही निघाली नव्हती. अत्तर ओतताना खिडकीतून नीला कपडे वाळत घालताना दिसली. नाकात गुलाब भरलेला, आणि तिचं पातळ हिरवं होतं. हात आपसूक हिरव्या डब्याकडे गेला, मग खसाला उरला गुलाबी. मला तर अजूनही त्यात चूक दिसत नाही.