पथरी नव्हती, आई

प्रिय आई,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही, आणि आज कुशीवर पडल्या पडल्या लिहितेय. टाक्यांमुळे अजून फार वेळ बसता येत नाही. माझं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले. कसलं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्हाला होतं, त्याचंच.

लिहायचं कारण मात्र दुसरं आहे. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं.

दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. शाळेत सलग दोन तास उभी राहिले की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटायचं. मग शिंकताना, मग पाण्याची बादली उचलताना. बायका ज्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात ते हेच, हे मला समजत होतं. तुमचं पाहिलेलं होतं ना! तरी मी काय केलं? तुम्ही केलंत तेच. जुन्या सुती साडीच्या घड्या घेतल्या, त्या न्हाणीघरात दाराआड वाळत घातल्या आणि गप्प बसले. एम.ए., बी.एड. शिकलेली बाई, आई!

शेवटी लघवीला त्रास व्हायला लागला तेव्हा गेले. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, “बच्चेदानी पूरी नीचे आ गई है. निकालनी पड़ेगी.” मग विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का? मी म्हटलं, सासूबाईंना होतं. त्या हसल्या. “सास का नहीं गिना जाता. माँ को था?” माझ्या आईला नव्हतं. मग म्हणाल्या, “सास की कोई बेटी है? उनको बताइए. माँ से बेटी में आ सकता है.”

मी हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घेऊन आले.

ह्यांना सांगितलं. तुमचा अरुण आधी घाबरला, मग पंखा बंद करून पुन्हा सुरू केला. म्हणाला, “लोकांना काय सांगायचं?”

“लोकांना काहून सांगायचं?”

“अगं, तू दीड महिना उचलणार नाहीस, वाकणार नाहीस. विचारतीलच ना? आपण पथरी सांगू. पित्ताशयाची. आजकाल सगळ्यांचीच काढून राहिले.”

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! ठरलं. पथरी. भोपाळला लेकाला, निखिलला फोन गेला, पथरी. शाळेत रजेचा अर्ज दिला तेव्हा मोठ्या बाईंनी विचारलं, पथरी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मिश्रा भाभी थर्मास घेऊन हजर. कुळथाचं पाणी! “सुनंदा, ऑपरेशन मत करवाना. हमारे देवर की पथरी इसी से निकल गई.” त्यांच्या दिराची किडनीतली होती, माझी कुठलीच नव्हती. पाच दिवस त्या समोर बसून मला ते पाणी पाजत होत्या. मी पीत होते.

पण मंगलाला, तुमच्या लेकीला काय सांगायचं? तिथे पथरी चालणार नव्हती.

तुमचा खुबा मोडला, तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि मी पहिल्यांदा तुम्हाला स्पंजिंग करायला घेतलं, तो दिवस आठवतो? मी लुगडं बाजूला केलं आणि थांबले. तुम्ही माझं मनगट धरलंत. हाडं मोडलेल्या बाईत एवढी ताकद कुठून आली, कोण जाणे.

“मंगलाच्या वेळेपासून आहे,” तुम्ही म्हणालात. “तिला बोलायचं नाही. तिला वाटेल, माझ्यापायी झालं. शपथ घे.”

मी घेतली. तीस वर्षांहून जास्त तुम्ही ते घेऊन या घरात वावरलात आणि आम्ही काय केलं? बरगीच्या धरणावर सहलीला निघालो की तुम्ही दारात उभ्या राहायचात. “तुम्ही जा, मला बस लागते.” आम्ही हसायचो. आईंना घराबाहेर काढायचं म्हणजे क्रेन लागेल, असं मीच एकदा सगळ्यांसमोर म्हटलं. माफ करा.

पण तुमच्यावरही माझा राग आहे, आई. मंगलाच्या मुलाची मुंज होती. तिने चार वेळा फोन केला. नागपूरचा सात तासांचा प्रवास तुम्हाला झेपला नसता, हे आता कळतं. तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, “मला जमणार नाही.” कारण नाही, काही नाही. मंगलाने ते कायमचं मनात धरलं. तुमच्या तेराव्याला भांडी घासता घासता मला म्हणाली होती, “वहिनी, माझ्या घरी आई एक रात्र राहिली नाही. असं काय होतं माझ्यात?” सांगून टाकावंसं वाटत होतं, पण तुमची शपथ होती. मी पुढचं पातेलं विसळायला घेतलं. तिला अपराधी वाटू नये म्हणून तुम्ही लपवलंत, आणि मी आईला नकोशी होते, असं तिला वाटत राहिलं. काय मिळवलं आपण दोघींनी?

ऑपरेशनच्या चार दिवस आधी मी तिला फोन लावला. हे बाजारात गेले होते. आधी माझं सांगितलं. ती “अच्छा, अच्छा” करत होती. मग म्हटलं, “मंगला, आईंनाही होतं.”



“कधीपासून?”

मी खोटं बोलू शकले असते. एकदा तोंडावर आलंही. पण सांगितलं, तुझ्या जन्मापासून.

“म्हणून मुंजीला आली नाही?”

“हो.”

ती रडली नाही. म्हणाली, “नंतर करते,” आणि फोन ठेवला. मला वाटलं, झालं, संपलं. दोन दिवस तिचा फोन नाही. मी तुमच्या फोटोकडे बघायचंसुद्धा टाळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षातून उतरली. बॅग दारात ठेवली आणि उभ्या उभ्या म्हणाली, “वहिनी, मलाही आहे. सहा वर्षं. मी कोणाला बोलले नाही.”

मग मात्र आम्ही दोघी रडलो. हे चहाचा कप घेऊन दारात आले आणि तसेच परत गेले.

माझं नीट झालं. मंगलालाही त्याच डॉक्टरीणबाईंनी तपासलं. तिचं अजून थोडक्यावर आहे; आत आधाराला रिंग बसवली, व्यायाम दिला, तीन महिन्यांनी बघू म्हणाल्या. ती दहा दिवस राहिली. माझं डोकं धुऊन दिलं. रोज तुमच्याबद्दल काहीतरी विचारायची. आई हसताना पायाला पाय जुळवून का उभी राहायची, ते एके दिवशी तिला एकदम उमगलं आणि ती पोळी लाटता लाटता थांबली. तुमच्यावर चिडलीही. “एकदा सांगितलं असतं तर मी गाडी करून आले नसते का तिला न्यायला?” 

सगळ्यांना सांगितलं असं समजू नका. शाळेत अजून पथरीच आहे, राहू दे. मिश्रा भाभींना खरं सांगितलं, कारण ते कुळथाचं पाणी मला बोचत होतं. त्यांचा चेहरा उतरला. “ये सब बताने की क्या ज़रूरत थी?” म्हणाल्या. तेव्हापासून आल्या नाहीत. वाईट वाटलं, पण पुन्हा सांगायची वेळ आली तर पुन्हा सांगेन. निखिललाही खरं सांगितलं; तो फोनवर “ओके मम्मी” म्हणाला आणि मग अर्धा तास वडिलांशी बोलला. हे त्याला समजावत होते, अगदी सगळं, नावं घेऊन. तुमचा अरुण! मी आतून ऐकत होते.

माझ्या सूनबाईंना सांगणं भागच होतं. रुची तुम्ही पाहिली नाहीत. तिला सातवा लागला आहे, आणि मी डोहाळजेवणाला जाऊ शकत नाही. मी कारण सांगितलं. ती म्हणाली, “मम्मी, डिलिव्हरी के बाद मुझे भी हो सकता है?”

मी म्हटलं, होऊ शकतं, पण लवकर बोललीस तर बरं होतं.

तर आई, हा माझा शब्द. बाळ झाल्यावर येणाराजाणारा प्रत्येक जण बाळाकडे बघेल. मी आधी रुचीकडे बघेन. दार लावून विचारेन, खाली कसं वाटतं. ती “ठीक हूँ” म्हणेल, सगळ्याच म्हणतात. मी तिथेच बसून राहीन आणि दुसऱ्यांदा विचारेन.

तुमची सून,
सुनंदा