सासूबाईंची हाडं

१२ नोव्हें., मंगळ.
सासूबाईंचं प्लास्टर निघालं. मनगट मोडलं ते अर्धी बादली उचलताना. वय ७३, इथे उत्तरेत, मानक नगरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत रोज सकाळी बायकांना योगासनं शिकवणारी बाई. डॉक्टर म्हणाले, एवढ्यानं हाड मोडायला नको होतं, बोन डेन्सिटी करून घ्या. सा.बाई : "दुखत तर काही नाही." मी नंबर लावून टाकला.

१५ नोव्हें., शुक्र.
टेस्ट झाली. वीस मिनिटंसुद्धा नाहीत. सुई नाही, काही नाही. टेबलावर पडून राहायचं, वरून यंत्र सरकतं, कंबर आणि खुब्याचे फोटो. आतली मुलगी : "अम्मा जी, बस हिलिएगा मत." हलल्या नाहीत. बाहेर येऊन म्हणाल्या, "एवढंच? मग दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं का नाही?"

१८ नोव्हें., सोम.
रिपोर्ट. मणक्याचा टी-स्कोअर उणे ३.१. उणे अडीचला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे त्याच्याही खाली. आठवड्याला एक गोळी, कॅल्शियम, चालणं. पुढे वाकायची आसनं कायमची बंद. घरी आल्यावर एवढंच, "मग मी शिकवू काय?"

२४ नोव्हें., रवि.
फिजिओथेरपिस्टकडे दोनदा जाऊन आल्या, रिक्षानं, एकट्या. वही भरलीय. वाकणं सगळं काढून टाकून तास नव्यानं बसवतायत. भिंतीला धरून टाचा उचलणं, खुर्चीवरून उठबस. सकाळपासून माझ्यावर प्रयोग. मांड्या भरून आल्यात.

२ डिसें., सोम.
पार्कात मीही गेले. वर्गासमोर उभ्या राहून सा.बाईंनी स्वतःचा रिपोर्ट वाचला. "मेरी हड्डी अंदर से पोकळ हो गई."
"पोकळ मतलब?" एकीनं विचारलं.
"खोखली. और मुझे पता ही नहीं चला."
कुणी हसलं नाही. तास संपल्यावर सातजणींनी टेस्टसाठी नावं दिली. मी असते तर रिपोर्ट कपाटात ठेवला असता, खरंच.

५ डिसें., गुरु.
काल भाजी निवडताना अचानक, "मेधा, तुझी पाळी कधी गेली गं?"
"बेचाळिसाव्या वर्षी."
"इतक्या लवकर? पाळी लवकर गेली की हाडंही लवकर झिजतात. मग आठवी तू."
आज माझी टेस्ट झाली. हॉलमध्ये सा.बाई माझी पर्स धरून बसलेल्या. रिपोर्ट सोमवारी. येताना म्हणाल्या, "काही निघालं तर वर्गात पुढच्या रांगेत उभी राहा. मला दिसशील अशी."