जुलैतला काळा लोकरी कोट आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, डूगल्ड नील मॅकेकर्न, वय वर्षे एक्क्याऐंशी, व्यवसाय एसी व फ्रीजची दुरुस्ती (आता निवृत्त), राहणार ड्रमोरी, राज्य उत्तर कॅरोलिना, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे तसे राहिलेले नाहीत. पण किल्टखालचे, म्हणजे आम्हा स्कॉटिश पुरुषांच्या घागऱ्याखालचे, ते गुडघे गावाने जन्मभर उघडे पाहिलेले असल्याने त्यांच्याबद्दल वेगळा पुरावा देत नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

कलम १. राहते घर, मागची शेड आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी फ्लोरा हिला मिळावे. बँकेत फार नसेल. आमच्या धंद्यात लोक जूनमध्ये पाया पडतात आणि ऑक्टोबरात ओळख दाखवत नाहीत.

कलम २. माझी सगळी हत्यारे, व्हॅक्युम पंप आणि जुनी व्हॅन माझा जावई वेंडेल ऑक्सेंडाइन याला. तो माझा धंदा आता माझ्यापेक्षा चांगला चालवतो. हे वाक्य त्याला मी गेल्यावरच वाचायला मिळेल, अशी व्यवस्था करावी.

कलम ३. माझा जाड लोकरीचा किल्ट आणि त्यावरचा काळा लोकरी कोट कौंटीच्या वस्तुसंग्रहालयाला द्यावा. काचेच्या पेटीत ठेवावा, आणि पेटीला एसी असावा. हा कोट माझ्या वडिलांचा. आमचे पूर्वज ज्या डोंगरांतून आले तिथे धुके आणि पाऊस. तिथल्या माणसाला हा कोट आईसारखा. आमच्याकडे जुलैत डांबर बुटाला चिकटते. तरीही आमच्या स्कॉटिश मंडळाचा नियम असा, की समारंभ असेल तर काळा कोट, लोकरीचे मोजे आणि गळ्यापर्यंत बटणे. ऋतू कोणताही असो. मंडळाचा अध्यक्ष हेक्टर ब्यूई, माझा शाळेपासूनचा मित्र. सगळ्या गावाला गार करणारा मी, आणि वर्षातून चार वेळा असा उकडून निघायचो.

फ्लोराचे लग्न जुलैत ठरले. वेंडेल लंबी नावाच्या मूळ अमेरिकी जमातीचा, त्याचे लोक नदीकाठी आमच्या आधीपासूनचे. त्याला किल्टची सक्ती कोणीच केली नव्हती. पण पोरगा मला खूश करायला गेला आणि हेक्टरकडून सगळा जाड जामानिमा उसना घेऊन आला. लग्नाच्या सकाळी चर्चच्या एसीची मोटर जळाली. मी किल्ट घालून छतावर चढलो. खाली उभ्या बायका का हसत होत्या ते मला नंतर कळले. मोटर काही मिळाली नाही.

शपथा सुरू झाल्या तेव्हा वेंडेलचा चेहरा आधी लाल, मग पिठासारखा पांढरा झाला. मी हळूच म्हणालो, "कोट काढ पोरा."

तो म्हणाला, "मिस्टर हेक्टर म्हणालेत, अध्यक्षांनी काढल्याशिवाय कोणी काढायचा नाही."

मागून माझी बायको रोझेल सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशी बोलली, "डूगल्ड, हा पडला तर दुसरा जावई मी कुठून आणू?"

मी माझा कोट काढला. बाकावर ठेवला. मग वेंडेलची बटणे मी माझ्या हाताने सोडली. मागोमाग सगळ्या पुरुषांचे कोट उतरले आणि सगळ्या चर्चने एकदम श्वास सोडला. एकटा हेक्टर गळ्यापर्यंत बंद राहिला. शिवाय त्याला वरातीपुढे बॅगपाइप वाजवायचा होता. दारापर्यंत त्याने वाजवला. मग बॅगपाइपच्या हवेच्या पिशवीने लांबलचक गळा काढला आणि हेक्टर पायरीवर बसला तो आडवाच झाला. बायकांनी लिंबू सरबतातला बर्फ त्याच्या कॉलरीत ओतला. शुद्धीवर येताच त्याचे पहिले शब्द होते, "हे तुझ्यामुळं झालं, डूगल्ड. तू शिस्त मोडलीस."

कलम ४. माझा हलक्या लोकरीचा किल्ट आणि कमरेचा चामडी बटवा वेंडेलला. माझा पातळ पट्टेरी सुती कोट मात्र कोणाला देत नाही, दफनाच्या वेळी तो मला घालावा. लग्नानंतर रोझेलनेच तो शिवला. आमच्याकडचे वकील उन्हाळ्यात ज्या सुरकुत्यांच्या कापडाचे सूट घालतात, त्याच कापडाचा. पण किल्टवर शोभेल असा आखूड कापून, चांदीची बटणे लावून. तिचे म्हणणे होते, की रुबाब कापडाच्या जाडीत नसतो, बेतण्यात असतो. पुढल्या उन्हाळ्यापर्यंत अर्ध्या मंडळाने तिच्याकडून असे कोट शिवून घेतले. मंडळाच्या जेवणाला आम्ही ते घालून गेलो, तर हेक्टर दारात आडवा आला.

"पायजम्याच्या कापडात आत येता येणार नाही."

"हेक्टर, बाजूला हो, भूक लागलीय."

"मग घरी जा आणि झोपा. कपडे तर घातलेच आहेत."

आम्ही बाहेर पाइनच्या झाडांखाली डुकराचे मांस भाजले. वास आत गेला. एकेक जण फोन आल्याचे निमित्त करून बाहेर येऊ लागला. शेवटी आत हेक्टर आणि पाहुणे वक्ते असे दोघेच उरले, आणि वक्त्यांनीही भाषण आटोपते घेतले म्हणे. त्या दिवसापासून हेक्टर माझ्याशी बोलेनासा झाला. समोरून आला की रस्ता ओलांडायचा. बारा वर्षे. माझ्या जागी दुसरा असता तर त्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटले असते. मला वाटले नाही. मात्र मासे पकडायला जायला जोडीला माणूस नव्हते.

कलम ५. माझी होडी, गळ आणि मासे ठेवायचा बर्फाचा डबा हेक्टर ब्यूई याला. जुन्या मृत्युपत्रात मी त्याला "काहीही नाही" असे स्पष्ट लिहिले होते. ते का बदलले, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये रोझेल गेली. चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर होतो. मागे कुजबुज झाली म्हणून वळलो, तर मधल्या वाटेने हेक्टर येत होता. किल्ट, आणि वर पट्टेरी सुती कोट. तो शवपेटीपाशी वाकला तेव्हा कॉलरीखाली हिरव्या दोऱ्याचा टाका दिसला. रोझेल आपल्या हातच्या प्रत्येक कोटाला शेवटचा टाका तसाच घालायची. मी उठून त्याच्याजवळ गेलो.

"हा तिनं शिवलाय."

"हो."

"कधी?"

"त्या जेवणाच्या पुढच्याच महिन्यात. तू कामावर गेलास की मापं द्यायला यायचो."

"आणि घातलास कुठं?"

"घरी. आरशासमोर."

"बारा वर्षं?"

"उन्हाळ्यातच रे."

"मला बोलली नाही ती."

"मी शपथ घातली होती. म्हणाली, 'ठीक आहे हेक्टर, पण मी मेले की शपथ सुटली. तेव्हा तरी चारचौघांत घालून ये.'" त्याने कोट खाली ओढून सरळ केला. "चांगला बसलाय ना?"

"खांद्यात जरा ढगळ आहे."

"मीच वाळलोय, डूगल्ड."

मला हसू फुटले, ते आवरेना. फ्लोराला वाटले बाबा रडतायत. ती पाठीवरून हात फिरवू लागली. तिचेही खरेच होते. दफनानंतर हेक्टर माझ्या ओसरीवर येऊन बसला, तो अजून रोज येतो.

कलम ६. मी एप्रिल ते ऑक्टोबरच्या दरम्यान गेलो, तर माझ्या दफनाला काळा लोकरी कोट घालून कोणीही येऊ नये. आलाच, तर त्याचा अपमान न करता त्याला पंख्याखाली बसवावे आणि गार चहा पाजावा.

कलम ७. दफनभूमीत रोझेलच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक जागा माझ्या नावावर आहे. एक माझी, दुसरी फ्लोरासाठी घेतली होती. पण ती वेंडेलच्या लोकांमध्ये नदीकाठी जाणार, असे तिने स्वच्छ सांगितले. हेक्टरने लग्न केले नाही, त्याला मागेपुढे कोणी नाही. हे लिहीत असताना तो समोर उकडलेल्या शेंगा सोलत बसला आहे. मी विचारले, "रोझेलच्या बाजूची एक जागा मोकळी आहे. घेतोस?"

त्याने शेंग खाली ठेवली. मग म्हणाला, "ऊन आहे का तिथं?"

"एका बाजूला पाइनची गर्द सावली आहे. दुसऱ्या बाजूला दिवसभर ऊन."

"सावलीची तू घेणार असशील."

"भांडण नको. असं लिहितो: जो आधी जाईल त्याला सावली."

"लिही," हेक्टर म्हणाला. "मला ऊन चालेल."

वरील कलमांची अंमलबजावणी फ्लोराने करावी. सर्व मजकूर मी वाचला, हेक्टरने न विचारता वाचला, आणि खालील साक्षीदारांसमोर मी सही केली.

सही: डूगल्ड नील मॅकेकर्न

साक्षीदार: १. लुरलीन मॅकलॉरिन, शेजारीण
२. एब्नर ट्रिपलेट, टपाल खात्यातून निवृत्त

(हेक्टर ब्यूई यांना या मृत्युपत्रातून काही मिळणार असल्याने त्यांना साक्षीदार होता आले नाही. त्यांनी तक्रार नोंदवली आहे.)

स्थळ: ड्रमोरी, घराची ओसरी
दिनांक: ८ जून २०१८