गळ्यातून उतरलेला टाक

३१ मार्च
काल गुढी उतरवली, घराला कुलूप घातलं आणि आज वाकळी-बोचक्यांसकट कारखान्याच्या वसाहतीत येऊन पडले. आमचा उत्तरेश्वर इथं काट्यावर कारकून आहे. यंदा ऊसच नाही, म्हणून संक्रांतीलाच गाळप थांबलं आणि चिमणी बिचारी बिनकामाच्या म्हाताऱ्यासारखी उभी आहे. पण वसाहतीत टँकर तरी येतो. गावच्या आडात खडक दिसायला लागला होता. बहात्तरला खडी फोडून मी जगले, पण तेव्हा गुडघे माझ्या बाजूनं होते.

सून कौशल्या भाकरतुकडा घेऊन दारात उभी. नात रत्नी तर टेम्पो थांबायच्या आत फळीवर चढली आणि माझी मोठी वाकळ ओढायला लागली. म्हटलं, हळू गं भवाने, त्यात तुझे सगळे पूर्वज झोपलेत.

ही डायरी कारखान्यानं सभासदांना वाटलेली. उत्तरेश्वर म्हणाला, आई, तुला लिहायचा लई नाद हाय, घे. मी शाळेची पायरी चढले नाही. तो बाराखडी गिरवायचा तेव्हा मीही चुलीपुढं राखेत गिरवली, तेवढंच शिक्षण.

आता एकच काम उरलंय. घराण्याची माणसं रत्नीच्या हवाली करायची. कागदावर बाप्यांचीच नावं राहतात. आमच्या वाकळीत बायकाही आहेत. सासूनं सुरू केली, मी वाढवली. आजेसासूचं इरकल, चुलतसासऱ्याचा फेटा, पटकीत गेलेल्या नणंदेचा परकर. गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून एकेका तुकड्याची गोष्ट मी जमवली. तुकड्यावर बोट ठेवायचं आणि त्या माणसाला बोलतं करायचं.

४ एप्रिल
पोरगी कसली हुशार! आजेसासू रझाकाराच्या वेळी धान्याच्या कणगीत कशी लपली, हे तिनं एकदा ऐकलं आणि शेजारच्या वत्सलाबाईला हातवाऱ्यांसकट सांगून आली.

आज तिनं मधल्या लाल खणावर बोट ठेवलं. तो केशरचा. आमच्या मालकांची, गहिनीनाथांची पहिली बायको. थोडा संसार केला, पोटी काही नाही, तापानं गेली. मग परकर सांभाळत मी आले. सासूनं रीतीप्रमाणे माझ्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. चांदीचा, नखाएवढा, त्यावर हात जोडून उभी बाई. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. गोड घास आधी तिला. म्हणजे ती रुसत नाही. सासूनं बजावलं होतं, छबू, तुझा जीव जाईस्तोवर ह्यो उतरायचा न्हाई. उतरवलास तर तिला वाटंल, तू गेलीस, घर तिचं झालं.

मेलेल्या बाईचा हेवा काय करायचा, पण मी केला. मालक भाकरी मोडताना थांबले की मला वाटायचं, तिच्या हातची आठवली. वाकळीतसुद्धा तिचा लाल खण मधोमध आणि माझ्या हळदीच्या लुगड्याचा पिवळा तुकडा काठाला. रत्नीला मी एवढंच सांगितलं, होती, गेली. पुढचा तुकडा.

९ एप्रिल
टँकरवरच्या रेटारेटीत टाकाचा दोरा तुटला. रत्नीनं तो चिखलातून शोधून काढला, फ्रॉकला पुसला आणि गळ्याशी धरून आरशात बघितलं. आजी, मला दे की.

सगळं घराणं हिच्याच पदरात घालायचं, तर एवढी एक बाई का म्हणून मागं ठेवायची? नवा काळा दोरा मीच ओवला, गाठही मीच मारली. कौशल्या पिठाच्या हातांनी धावत आली. आत्याबाई, लेकराच्या गळ्यात सवत घालता व्हय? मी म्हटलं, अगं, सवत माझी. रत्नीची तर ती आजीच लागती. त्यावर दोघी पोट धरून हसलो.

सासूचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण मान इतकी हलकी झाली होती की पुन्हा टाक घालावासा वाटेना. मनात म्हटलं, बाई, खूप मिरवलीस माझ्या उरावर.

१४ एप्रिल
रत्नी आज फेट्याचा तुकडा सोडून म्हणाली, आजोबा मोट हाकताना गाणं म्हणायचे, ठाऊक हाय का? आणि गुणगुणली. चालीतला तो शेवटचा हेल, तो त्यांचाच. बाजारातून येताना बैलांना तसाच हाकारायचे.

पण गाणं? माझ्यासमोर या माणसानं कधी शीळ घातली नाही.

कुणी शिकवलं म्हणून विचारलं. तर म्हणाली, दुसऱ्या आजीनं. दुपारी तू पेंगतीस ना, तवा ती वाकळीवर येऊन बसती. मी म्हटलं, दुसरी मी, ती पहिली. रत्नीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच बाराखडी चुकले.

आधी काटा आला, खरंय. पण जेवताना मनात एकच घोळत होतं. तिच्यासाठी गाणं म्हणायचे.

१८ एप्रिल
दुपारी पेंगायचं सोडलं. गूळ-शेंगदाणे घेऊन वाकळ पसरते, रत्नीला हाका मारते. ती येते, आणि मी तोंड उघडायच्या आत सांगून मोकळी होते. मला ठाऊक नसलेलंही सांगते. सासूला लहानपणी काय म्हणायचे, मालकांच्या पाठीवरचा डाग कशाचा. मी म्हाताऱ्यांच्या पाया पडून जे गोळा केलं, ते हिला आयतं मिळतंय. आणि ती सांगते ते माझ्यापेक्षा गोड असतं. हे लिहिताना हात जळतो.

शेवटी मीच पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. म्हटलं, हे सांग बरं. रत्नी म्हणाली, ही छबू. आजोबांची पहिली. ताप आला आन् गेली. पुढचा तुकडा.

मी हसले. कौशल्या तांदूळ पाखडत होती. सुपाकडं बघतच म्हणाली, बिचारी.

ती हसली नाही.

२३ एप्रिल
उत्तरेश्वरनं आकितीसाठी, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लुगडं आणलं. हिरवं, मोराच्या काठाचं. कौशल्यानं घडी माझ्या खांद्याला लावली, हात जोडले — आणि उचलून नेली. पेटीत ठेवली. मी मागं गेले, म्हटलं, अगं, माझं ना ते? ती म्हणाली, आत्याबाई नेसतील, आधी पहिलीला दाखवलं. माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाली.

जेवणाचं ताटही तसंच. भोवती पाणी फिरवून कोपऱ्यात ठेवलं. मीठ वाढलं नाही.

उत्तरेश्वरला म्हटलं, लेका, मी कोण? तो चष्मा पुसत राहिला.

२६ एप्रिल
रत्नी अंगणात खेळत होती तेव्हा टाक नीट बघितला. टाकातली बाई घासून गुळगुळीत झाली होती, नाकडोळे कधीच नव्हते. आता आहेत. डाव्या भुवईवर वण आहे. खडीचा दगड उडून लागला होता, तो — माझा.

दोरा ओढला. रत्नी किंचाळली. गाठ सुटेना. मीच मारलेली, साधी गाठ. दातानं धरली तर दातांत चांदीची चव. कौशल्या आली, पोरीला पोटाशी धरलं आणि म्हणाली, वाऱ्यानं भ्यालं लेकरू.

मी समोर उभी होते.

२९ एप्रिल
वाकळीत लाल खण वाढलेत. इरकलाच्या जागी लाल. फेट्याच्या कडेला लाल. टाके माझ्यापेक्षा बारीक. सासू म्हणायची, केशरचा टाका दिसायचाच न्हाई —

माझा पिवळा अजून काठाला आहे. तीन बाजूंनी उसवलाय.

आज तिला बघितलं. भर उन्हात, दार उघडं. वाकळीवर पाठमोरी, अंगावर हिरवं लुगडं. केस तिचे पांढरे. माझ्यासारखे पिकलेले. माझी वर्षं तिनं — रत्नीचं डोकं तिच्या मांडीवर. ती सांगत होती, पोरगी हुंकार देत होती. असा हुंकार मला कधी दिला नाही गं.

पोरीला तिथून उठवायला हवं होतं. दाराशी उभी राहून ऐकत राहिले. इतकं गोड सांगते मेली.

१ मे, आकिती
टँकरचं पाणी राखून ठेवलं होतं त्यांनी. पाटावर मातीच्या केळ्या, छोट्या घागरी, मांडल्या, पितरांना पाणी द्यायला. उत्तरेश्वरनं आजोबाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं. मग रत्नी पुढं सरकून बसली. म्हणाली, मी सांगते. सगळं घराणं सांगितलं, एक नाव चुकलं नाही, बायकांचंसुद्धा. ऊर भरून आला माझा. याच्यासाठीच तर — 

शेवटी म्हणाली, आणि छबू. पहिली. हिला पोरबाळ न्हाई.

उत्तरेश्वरनं पाणी सोडलं. माझ्या पोटचा पोरगा. माझ्या नावानं.

घसा गार झाला. महिन्याची तहान गेली. तेव्हा कळलं, ते पाणी मलाच पोचलं.

वत्सलाबाई आली होती. हिरव्या लुगड्याच्या पाया पडली. म्हणाली, आजी, नातीला लई चांगलं शिकवलंत.

२ मे
रत्नीच्या गळ्यात दोरा सापडत नाही. टाक मागितला, आवाज — 

बोटं एकमेकींना चिकटतायत. हात जोडल्यासारखे. पेन दोन्ही तळव्यांत धरलंय.

ती सुई घेऊन बसलीय. पिवळ्याची चौथी बाजू — 

रत्ने, तू वाचशील. तिच्या गोष्टी खऱ्या असतील, तिच्या ठेव. गाणंही ठेव. पण राखेत अक्षरं मी गिरवली. तुझ्या बापाला जन्म मी दिला, खडी मी फोडली, ती नव्हती तिथं, ती कुठंच — एवढा एक तुकडा उसवू देऊ नकोस. पिवळा. काठाचा. त्यावर बोट ठेव आणि नाव घे. मोठ्यानं घे. मी छ